सातवा फर्मा

४ जानेवारी

प्रिय सुईताई,

पाकीट बघून दचकू नकोस. कागद जाड आहे, कडेला सोनेरी रेघ आहे, पण आतली मी तीच, तुझी शाई. इथे साधा कागद सापडतच नाही. नोकराला आणायला सांगितलं, तर तो आधी सासूबाईंना विचारून येतो.

मावशीचे गुडघे कसे आहेत? आई गेल्यावर तिनं मला तुझ्याच पंक्तीला बसवून वाढवलं, आणि मी तिला सात वर्षांत चार पत्रं लिहिली. तू बोलायच्या आधी मीच बोलून टाकते.

बातमी अशी. माझ्या पुस्तकाला सात वर्षं झाली म्हणून ह्यांनी आणि सासूबाईंनी त्याची खास आवृत्ती काढायचं ठरवलंय. पन्नासच प्रती, चामड्याची बांधणी, पुढे समीक्षकमहाशयांची वीस पानी प्रस्तावना. तेच ते. पुस्तकात शहाण्णवाव्या पानानंतर एकदम एकशे तेरावं येतं, मधली सोळा पानं नाहीतच, आणि 'या लेखिकेनं न बोलण्याचं धाडस केलं आहे' असं ज्यांनी तेव्हा लिहिलं, ते. पुस्तक कुणी वाचलं नाही, पण त्या लेखाबद्दल सगळे बोलले. तो लेख वाचूनच हे मला भेटायला छापखान्यात आले होते, तुला आठवत असेल.

बांधणी तू करावीस असं मला वाटतं. तुझ्यासारखे टाके कुणाचे नाहीत, हे मी इथे जेवणाच्या टेबलावर छातीठोकपणे सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, तुझ्या माहेरी कुणी असली कामंही करतं का?" मी म्हटलं, करतं, आणि उत्तम करतं.

हो म्हण ना ताई. या निमित्तानं भेट होईल.

तुझी,
शाई


१९ जानेवारी

बाईसाहेब,

पत्र पोचलं. पोस्टमननं पाकीट दोनदा उलटंपालटं करून विचारलं, "हे चुकून तर आलं नाही ना?" मी म्हटलं, चुकूनच आलंय, द्या.

आईचे गुडघे जिथे होते तिथेच आहेत. जिना चढता-उतरता येत नाही, म्हणून ती दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाचं चुकतंय कुठे ते मला संध्याकाळी सांगते. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती रडली. मी नाही.

तुझी खबर मला तुझ्या पत्राची वाट न बघताच मिळते. परवा रद्दीतून गठ्ठे बांधायला कागद काढले, तर तुझा फोटो. कसल्याशा प्रदर्शनाचं उद्घाटन. हातात कात्री, समोर रिबीन. अगं, कात्री अशी धरतात का? पाच वर्षं या छापखान्यात माझ्या शेजारी काढलीस तू, कागद कापताना बघितलंस, आणि कात्री धरलीयस चमच्यासारखी. मी तो कागद बाजूला ठेवला. मग म्हटलं, कशाला, आणि त्यातच शाळेच्या वह्यांचा गठ्ठा बांधून टाकला.

लपवत नाही. पोटात दुखतं. तुझ्या गाडीनं दुखतं, तुझ्या त्या सोनेरी रेघेनं दुखतं. आपण दोघी एका पलंगावर झोपायचो, एका कंगव्यानं केस विंचरायचो. अप्पा आपल्याला एका दमात हाक मारायचे, "सुई-शाई, जेवायला या!" तुला शाई म्हणायचे कारण तुझी बोटं कायम निळी, मला सुई म्हणायचे कारण मी टोचून बोलते. तेव्हा वाटायचं टोचणारीचं तरी काहीतरी होईल. झालं काय, तर तुझ्या लग्नात एका बाईनं तिचा कोट माझ्या हातात दिला. मग दुसरीनं. मग एका गृहस्थानं. तुझे फोटो चालले होते तेव्हा मी दाराशी तीन कोट धरून उभी होते, आणि आई मला खुणेनं विचारत होती, हे कुणाचे?

चामड्याची बांधणी मला येते. तुझ्या घरासाठी करणार नाही. कुणी विचारलं तर सांग, माहेरची माणसं असली कामं करत नाहीत.

सुई


३० जानेवारी

ताई,

कोटांचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. वाचल्यावर मी बराच वेळ आमच्या दारातल्या खुंट्यांकडे बघत बसले. अकरा आहेत.

तुला वाटतं मी इथे मजेत आहे. आमच्याकडे दर शुक्रवारी माणसं जेवायला येतात. सासरे न्यायाधीश होते, त्यांचे वडीलही, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस कुणाचा तरी निकाल लावूनच उठतो. सूप आलं की कुणीतरी हसून विचारतं, "मग, काय होतं हो त्या पानांत?" मी हसून गप्प बसते. सगळे वाहवा करतात. गप्प बसण्याबद्दल वाहवा मिळणारी जगात मी एकटीच असेन. सात वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. लिहायला बसले की वाटतं, हे लिहिण्यापेक्षा गाळलेलंच यांना जास्त आवडेल.

आणि तू? तू सकाळी आठला जातेस, पाचपर्यंत तुझ्या हातून चाळीस पुस्तकं उभी राहतात. कुणी तुला विचारत नाही, काय गाळलंस. मला हेवा वाटतो, हसू नकोस.

एक विचारू? ही प्रस्तावना एकदा चामड्यात बांधली गेली की ती सोळा पानं कायमची गेली. मग ती कधी लिहिलीच नव्हती असं होईल, आणि मीही तसंच म्हणत म्हातारी होईन. मला ती परत हवी आहेत. हस्तलिखित मालकांनी केव्हाच रद्दीत घातलं. तू तेव्हा सांगितलंस की त्या सोळा पानांचा सातवा फर्मा भिजला. एखादा कोरडा राहिला असेल का गं? एकच?

शाई


८ फेब्रुवारी

ए शाई,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोर मी आणि चांदण्यात तू बसलीयस. आता बोलूनच टाकते. सात वर्षं हे गिळून बसलेय, आता घशाशी आलंय.

बंगल्यात राहून विसरली असशील म्हणून पहिल्यापासून सांगते. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, एका बाजूला आठ, ती वाळली की दुसऱ्या बाजूला आठ. पानं कागदावर ओळीनं नसतात, पहिलं आणि शेवटचं एका बाजूला, दुसरं-तिसरं पाठीमागे; घडी घातली की ओळ लागते, तो एक फर्मा. फर्मे ओळीनं टेबलावर मांडायचे, एकेक उचलत टेबलाच्या कडेनं चालायचं, शेवटाला पोचलं की हातात अख्खं पुस्तक. तुझ्या पुस्तकाचे फर्मे मीच मांडत होते. सातवा मी मांडलाच नाही.

भिजलाबिजला काही नाही. तीनशेच्या तीनशे, शंभराच्या तीन गठ्ठ्यांत, सुतळीनं बांधून आईच्या पलंगाखाली आहेत. मालकांना सांगितलं, भिजला, रद्दीत गेला. ते म्हणाले, "कोण वाचतंय, शिव तशीच."

का केलं? कारण मी वाचलं. पहिली बाजू छापून दोरीवर वाळत होती, पाठची आठ पानं अजून छापायची होती. म्हटलं बघू आमच्या बहिणाबाईंनी काय लिहिलंय. आणि दिसले कोण? मीच! छापखान्यातली मोठी बहीण, दोऱ्याचं टोक दातात धरून खिडकीशी उभी. चार वाजता अक्षरांचे खिळे जुळवणारे नळावर हात धुवायला येतात म्हणून केसांना नवी रिबीन बांधणारी. "तिला वाटे कुणाला कळत नाही, आणि सगळ्या छापखान्याला कळत होतं." हे तुझं वाक्य आहे. मला पाठ आहे.

तो चष्मेवाला खिळे जुळवणारा. बरोबर ना? दोन वर्षं माझ्याकडे बघून हसला आणि एक दिवस सामान उचलून दुसऱ्या गावी निघून गेला, एका शब्दानं न सांगता. माझं जे हसं झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त तुला. एकाच उशीवर डोकं ठेवून सांगितलं होतं, आणि तू ते तीनशे प्रतींत छापलंस!

शेवटचं पानही वाचलं, एकशे बारा. तिथे ती बहीण म्हणते, "जाऊ दे, झालं ते झालं," आणि तुला पानावर वाढते. कशाचं जाऊ दे ते मला आजतागायत कळलं नाही. पण बावळट ती आहेच तुझ्या पुस्तकात, तेव्हा म्हटलं असेल काहीतरी.

आणि आता मजा ऐक. मी रागानं पानं काढली, त्या शहाण्या माणसाला ते धाडस वाटलं, तुझ्या साहेबांनी त्या धाडसाशी लग्न केलं. तुझा तो बंगला, गाडी, शुक्रवारची सुपं, सगळं माझ्या सातव्या फर्म्यावर उभं आहे! तुझं वाटोळं करायला गेले आणि तुझं कल्याण करून बसले. माझ्यासारखी करंटी मीच. सांग तुझ्या सासूबाईंना.

सुई


१५ फेब्रुवारी

ताई,

मला माहीत होतं.

सातवा फर्मा भिजला आणि सहावा, आठवा कोरडे? एकाच फळीवर होते ते. मी मालकांसमोर रडले ते पानं गेली म्हणून नाही. तू वाचलंस हे कळलं म्हणून. नंतर चार महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. मी मनात म्हटलं, ठीक आहे, हीच शिक्षा, माझ्या झिंज्या उपटल्या असत्यास तरी कमीच होतं. आणि त्या पत्राबद्दल तू कधी तोंडातून ब्र काढला नाहीस, मावशीलाही सांगितलं नाहीस, त्याचे उपकार मी आजन्म विसरणार नाही.

म्हणून तर इतकी वर्षं मला पत्र लिहायचं धाडस होत नव्हतं.

पण ताई, तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचते आहे. तू रिबिनीबद्दल लिहिलंस. खिडकीबद्दल लिहिलंस. दुसऱ्या बाजूबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

शाई


१८ फेब्रुवारी

कुठलं पत्र?

सुई


२२ फेब्रुवारी

ताई,

म्हणजे तू वाचलंच नाहीस. पाठची आठ पानं तू वाचलीच नाहीस. देवा.

आता तोंड लपवून उपयोग नाही.

जायच्या आदल्या दिवशी चष्मेवाल्यानं मला जिन्यात गाठलं. हातात बंद पाकीट होतं. म्हणाला, "तुमच्या ताईला द्या. उद्या दुपारपर्यंत उत्तर मिळालं नाही, तर मी समजेन." त्याला तिकडे मोठ्या छापखान्यात जागा मिळाली होती. मी पाकीट घेतलं आणि म्हटलं, "ताईचं दुसरीकडे ठरलंय." असं म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "असं होय," आणि खाली उतरला. पाकीट माझ्याच हातात राहिलं.

मला तो आवडत होता का? नाही गं. खोटं बोलायचं असतं तर तसं म्हटलं असतं, ते तरी समजण्यासारखं झालं असतं. मुद्रितं तपासताना मी मोठ्यानं वाचायची, आवाज काढून दाखवायची, अख्खा छापखाना काम थांबवून माझ्याकडे बघायचा. आणि तो एकटा तुझ्या टाक्यांकडे बघायचा. तू एक शब्द बोलत नव्हतीस. मी इतकं बोलून, इतकं हसवून, त्यानं मान वर केली नाही. ते मला सहन झालं नाही. आणि तू गेलीस तर त्या पलंगावर मी एकटी, हेही होतं.

तोंडानं सांगायची छाती झाली नाही, म्हणून पुस्तकात लिहिलं. सातव्या फर्म्यात, कारण तो तुझ्या हातून जाणार हे माहीत होतं. रिबीन आणि खिडकी आहे ती मी किती दुष्टपणे तुझ्याकडे बघत होते ते दाखवायला. त्याच्या पुढच्याच पानावर, अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवला, जिना आहे. तो कागद उलटवला असतास तर...

तू फर्मा काढलास तेव्हा वाटलं, तुला सगळं कळलं. मग पत्र परत करणं भाग होतं. पुस्तकाची पहिली प्रत मी तुला दिली ती आठवते? तिच्या मागच्या पुठ्ठ्याचा आतला कागद मी माझ्या हातानं उचकटला, पाकीट आत ठेवलं आणि पुन्हा चिकटवला. भसाभस खळ लावली, कागदाला सुरकुत्या पडल्या. म्हटलं, ताईची बोटं एका क्षणात ओळखतील की हे काम तिचं नाही.

मी ते उघडलं नाही. तुझ्या गळ्याची शपथ.

ती प्रत कुठे आहे?

शाई


११ एप्रिल

शाई,

ती प्रत टेबलाच्या पायाखाली होती.

तू दिलीस त्या दिवसापासून. तो पाय आखूड आहे, तुला माहीतच आहे. मी पुस्तक उघडलं नाही, हातात धरलं नाही, सरळ पायाखाली सारलं. मला बरं वाटायचं. रोज त्या टेबलावर जेवायचे आणि बरं वाटायचं. सात वर्षं मी माझ्याच पत्रावर ताट ठेवून जेवले.

तुझं पत्र आल्यावर तीन आठवडे मी ते पुस्तक काढलं नाही. मग एका रविवारी आई म्हणाली, "एवढी टेबलाखाली काय बघतेस, मांजर आहे का?" तेव्हा काढलं. ओलं फडकं ठेवलं, खळ फुगू दिली, पट्टीनं कागद उचलला. काम तुझंच. इतकी घाण चिकटवणी मी जन्मात बघितली नाही. पाकीट बंद होतं. तू उघडलं नव्हतंस, एवढ्यावर मी विश्वास ठेवते.

मग गठ्ठा सोडला आणि एक फर्मा कापून वाचला; दुसरी बाजू छापून आली तेव्हा मी रागानं न बघताच घडी घालून बांधली होती. पहिल्यापासून, ओळीनं. ताई कशी दिसायची, कशी शिवायची, तिचे हात कसे चालायचे, हे तू लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. जिन्याचं एकदाच वाचलं.

किती दिवस झोपले नाही ते सांगत नाही. कामावर दोन पुस्तकं उलटी शिवली. मालक म्हणाले, "तब्येत बरी नाही का?" सात वर्षं मी तुझ्यावर जळत होते, स्वतःला शिव्या देत होते, की बहिणीचं चांगलं झालेलं बघवत नाही, कसलं हे मन. आणि आग आधी लावली होती तू! माझ्याकडे होतं काय जळण्यासारखं? एक माणूस मान वर न करता बघत होता, एवढंच. तेवढंही तुला बघवलं नाही.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? जिन्याचा नाही. एकशे बाराचा. "जाऊ दे, झालं ते झालं." आता कळलं कशाचं जाऊ दे ते. अगं, गुन्हा तुझा, लिहिणारी तू, आणि माफीही तूच लिहून टाकलीस? माझ्या तोंडी? मला न विचारता? वर मला तुला जेवायला वाढायला लावलंस! तू मागितलीस कधी, मी दिली कधी? छापून मोकळी!

तर आता माझं ऐक. पानं परत हवीत म्हणालीस. घे. पण गुपचूप घेऊन कपाटात ठेवायची असतील तर मिळणार नाहीत. लोकांपुढे जायची असतील तर जाऊ देत, जिन्यासकट. फक्त एकशे बारावं पान कोरं राहील. ते माझं आहे.

नाही केलंस तर? काही नाही. मी कुणाकडे जाऊन बोंब मारणार नाही. तुझा बंगला तुला लखलाभ.

पत्रात काय होतं ते मात्र तुला सांगणार नाही. विचारू नकोस. एवढं एक मला माहीत आहे आणि तुला कधीच कळणार नाही. लिहीत बस.

सुई

ता. क. टेबल परत डगमगायला लागलंय.


६ मे

ताई,

सांगितलं.

शुक्रवार निवडला. म्हटलं, एकदाच काय ते होऊ दे. समीक्षकमहाशय प्रस्तावनेची वीस पानं घेऊन आले होते. सूप आलं, कुणीतरी हसून विचारलं, "काय होतं हो त्या पानांत?" आणि मी सांगितलं. जिना, पाकीट, तू, पलंगाखालचे तीन गठ्ठे. माझा आवाज अगदी पूर्वीसारखा लागला, मुद्रितं वाचायचे तसा. सूप निवलं. कुणी चमचा उचलला नाही.

पहिले बोलले ते समीक्षक. "असं कसं? मी वीस पानं लिहिलीयत!" मला इतकं हसू आलं ताई, तू असतीस तर आपण दोघी टेबलाखाली गेलो असतो. सासूबाई म्हणाल्या की हे घरातलं घरात राहील. मी म्हटलं, घरात दहा माणसं आहेत, आता नाही राहणार. त्या उठून गेल्या. चामडं, पन्नास प्रती, सगळं बारगळलं.

सगळे गेल्यावर हे म्हणाले, "म्हणजे जे वाचून मी तुझ्याकडे आलो, ते तुझं नव्हतंच. तुझ्या बहिणीचं होतं." मी म्हटलं, हो. आणि खरं सांगते, अजून माझ्यात किती विष आहे बघ, त्या क्षणी मला पुन्हा तुझा हेवा वाटला. माझा नवरासुद्धा तुझ्या टाक्यांकडे बघूनच आला होता.

आता ते बहुतेक बाहेरच जेवतात. काल जाताना दारात थांबून म्हणाले, "पुरी प्रत तयार झाली की एक मला दे." पुढे काय होईल मला माहीत नाही. इथे राहीन की नाही तेही माहीत नाही.

मी छापखान्यात जाऊन मालकांना भेटले. मुद्दाम दुपारी गेले, तू कामात असशील म्हणून. लांबून तुला बघितलं. तोंडात दोरा होता. पुढे यायचं धैर्य झालं नाही. मालक म्हणाले, तीनशेपैकी दोनशे अकरा प्रती अजून गोदामात पडून आहेत, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. म्हणजे नवीन काही छापायलाच नको. फर्मे तुझ्याकडे, प्रती तिथे. उसवून सातवा घालून पुन्हा शिवायच्या. शिवशील?

एकशे बारावं पान मात्र छापलेलं आहे. त्याचं काय करायचं ते तुझ्या हाती.

माफी मागते, ताई. छापून नाही. अशी, हातानं लिहून. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आणि परवा दोन पानं लिहिली. सात वर्षांनी. बोटं निळी झाली.

शाई


२ जून

शाई,

मालकांनी गोदामातून प्रती काढून दिल्या. रोज संध्याकाळी पाचनंतर थांबून करत होते. पुठ्ठे सोडवले, शिवण उसवली, सातवा घातला, पुन्हा शिवलं, कडा कापल्या. सात वर्षं गठ्ठ्यात बांधलेला असल्यामुळे तो फर्मा बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे. पुस्तक बंद केलं तरी कडेला मधोमध एक पांढरी रेघ दिसते. लोक विचारतील. विचारू देत.

एकशे बारावर कोरा कागद चिकटवला. एकेका प्रतीत, माझ्या हातानं. दोनशे अकरा वेळा तुझी ती माफी झाकली मी. पहिल्या पन्नासांना तर अशी दाबली की कुणी चाकू लावला तरी निघायची नाही. नंतर हात दुखायला लागला.

आई विचारत होती, एवढं काय चाललंय. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोघीही माझ्याच. कुणाच्या थोबाडीत मारू?" मग तुला विचारायला सांगितलंय की तिथे त्या थंडगार घरात तुझे पाय दुखतात का. तुझ्या आईचे दुखायचे.

दोन पानं लिहिलीस ते वाचलं. मला लगेच वाटलं, हिला जमलं पुन्हा. पोटात दुखलंच. काय करू, खोड जात नाही. मला यातलं काही लिहिता येणार नाही आणि तुला सरळ टाका घालता येणार नाही, असंच चालायचं.

तुझ्या साहेबांसाठी एक प्रत वर बांधून ठेवलीय, त्यांचं नाव घालून. बाकीच्या घेऊन जायला गाडी पाठवू नकोस, तूच ये. त्यांच्या खाली तुझी प्रत आहे, तांबड्या दोऱ्याची. ती शेवटी केली. तिच्या एकशे बारावर कागद आहे, पण खळ पातळ लावलीय. दमट हवेत कधीतरी आपोआप सुटेल. केव्हा ते मलाही सांगता येत नाही.

ओढू नकोस. फाटेल.

सुई